परसातील वालाचा वेल व त्याचे बियाणे

वाल, घेवडा, पावटा अशी नावे आपण ज्या शेंगांस देतो त्यांचा वेल मुळात एकच आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. शेंग चपटी की फुगीर, दाणा पांढरा की तांबूस, भाजी शेंगेची करावयाची की दाण्याची, यावरून नाव बदलते. कधी कधी तर केवळ गाव बदलले म्हणूनही बदलते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणाऱ्या घरांत यालाच चिक्कुडु म्हणतात, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कानडी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो अवरे होतो, संस्कृतात त्यास निष्पाव हे नाव आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास लॅब्लॅब पर्प्युरिअस या नावाने ओळखतात. त्याचे रानटी पूर्वज आफ्रिकेत सापडतात. परंतु आपल्या देशात त्याची लागवड इतकी जुनी आहे की त्यास परका म्हणणे कोणास सुचणार नाही. श्रावणघेवड्याच्या नावात घेवडा असला तरी तो याचा सख्खा भाऊ नव्हे. श्रावणघेवडा, राजमा व डबलबी ही मंडळी मूळची अमेरिकेची; १४९२ साली कोलंबस त्या किनाऱ्यास लागल्यानंतरच ती बाकीच्या जगात पसरली. आपल्या परसात ती कालची पाहुणी होत.

आम्ही या लेखात जे लिहिणार आहोत ते वालाच्या सर्व जातींविषयी नव्हे. बाजारात ज्यांची पाकिटे मिळतात त्या बुटक्या, झुडुपासारख्या वाढणाऱ्या जाती शेतकऱ्यास फार सोयीच्या आहेत. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने काढलेल्या अर्का जय व अर्का विजय, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली कोकण भूषण, या त्यांपैकी नावाजलेल्या जाती होत. त्यांस मांडव लागत नाही, त्या लवकर येतात, व शेंगा थोड्या दिवसांत एकदम देतात. ज्यास माल बाजारी न्यावयाचा आहे त्यास हेच पाहिजे, आणि त्याच्याशी आमचे भांडण नाही. परंतु घरच्या माणसास एके दिवशी पाच पायल्या शेंगा घेऊन काय करावयाचे? त्यास चार महिने, दर दोन-तीन दिवसांनी, एका भाजीपुरत्या शेंगा हव्या असतात. आणि हे काम मांडवावर चढणारा जुना गावरान वेलच करू जाणे. त्याचे बियाणे दुकानात सहसा मिळत नाही. ते कोणा आजीबाईच्या गाडग्यात असते, किंवा नसते.

गावरान वाण म्हणजे काय हेही येथेच सांगितलेले बरे. एका घरात वा एका गावात पिढ्यान् पिढ्या पेरलेले, दरवर्षी चांगल्या शेंगा निवडून पुढे ठेवलेले, आणि त्यामुळे तेथील माती, पाऊस व तेथील जिभेची आवड यांस अनुरूप झालेले बियाणे ते गावरान वाण. त्यास कोणी शास्त्रज्ञ जन्मदाता नसतो, जाहिरात नसते, पुष्कळदा नावही नसते. लग्न होऊन आलेल्या सुनेने माहेराहून पदरात बांधून आणलेले चार दाणे, इतकाच बहुधा त्याचा इतिहास असतो. असे वाण एखाद्या घरातून नाहीसे झाले आणि शेजारीपाजारीही उरले नाही, तर ते पैसे मोजून परत मिळत नाही. आमच्या मते या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे, आणि सुदैवाची गोष्ट अशी की जी बियाणी घरच्या घरी राखता येतात त्यांत वालाइतके सोपे दुसरे क्वचितच असेल.

ते सोपे का, हे फुलाकडे पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. वालाचे पांढरे किंवा जांभळे फूल पतंगाच्या आकाराचे असते; मागे एक उभी पाकळी, दोन बाजूंस दोन पंख, आणि खालच्या दोन पाकळ्या मिटून नावेसारखी झालेली एक डबी. या डबीत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही बंद असतात, आणि बहुतेक वेळा फूल पुरते उमलण्याच्या सुमारासच आतल्या आत परागसिंचन होऊन जाते. यामुळे आईचे गुण लेकीत जसेच्या तसे उतरतात. भोपळा, दोडका यांचे तसे नाही. त्यांची नर व मादी फुले वेगळी, मधमाशी कोणत्या बागेतून काय घेऊन येईल याचा नेम नाही, आणि घरच्या बियांपासून पुढच्या वर्षी भलतेच फळ लागावयाचा संभव. ग्रेगोर मेंडेल या ऑस्ट्रियन साम्राज्यातील ख्रिस्ती मठवाशाने १८५६ ते १८६३ या काळात आपल्या मठाच्या बागेत वाटाण्यावर जे प्रयोग केले आणि १८६६ साली प्रसिद्ध केले, त्यांसाठी त्याने वाटाणा निवडला तो याच बंद फुलाच्या कारणाने; घेवड्याच्या वर्गातील काही वेलांवरही त्याने प्रयोग केले होते. आनुवंशिकतेचे शास्त्र ज्या डबीतून निघाले तीच डबी आपल्या मांडवावर दर हिवाळ्यात हजारांनी लोंबत असते. मात्र वालाच्या फुलावर काळे भुंगे व मधमाश्या येतात आणि क्वचित् एखादे फूल उघडून परकी पराग आत नेतात. म्हणून घरी दोन वाण असतील तर एक पुढच्या अंगणात व दुसरा मागच्या परसात लावावा, एकाच मांडवावर दोन्ही चढवू नयेत.

आता लागवडीकडे वळू. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत काळी जमीन पुष्कळ. उन्हाळ्यात तिला हात जाईल इतक्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच चिकट होऊन पाणी धरून बसते. आषाढ-श्रावणाच्या झडीत अशा जमिनीत मुळांस हवा मिळत नाही व कोवळा वेल पिवळा पडून बसतो. याकरिता वैशाखातच एक हात लांब, एक हात रुंद व तितकाच खोल खड्डा करावा, त्यास ऊन खाऊ द्यावे, आणि मग निघालेल्या मातीत निम्मे जुने कुजलेले शेणखत, दोन ओंजळी राख व मिळेल तर घमेलेभर बारीक मुरूम किंवा वाळू मिसळून तो असा भरावा की भोवतालच्या जमिनीहून वीतभर उंच राहील. उंचवटा असला म्हणजे झडीचे पाणी निघून जाते. पाऊस उघडल्यावर त्याच्याभोवती आळे करून पाणी द्यावयाचे.

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की दोन पेऱ्यांइतक्या खोलीवर चार बिया टोचाव्यात. बी कठीण असल्यास रात्रभर भिजत घालण्याची चाल आहे व ती चांगली आहे, परंतु झडीच्या दिवसांत भिजवलेले बी चिखलात कुजते, म्हणून तेव्हा कोरडेच पेरावे. पाच-सात दिवसांत रोपे वर येतात. त्यांतील सशक्त अशी दोन ठेवून बाकीची काढावीत; येथे पुष्कळ लोकांचा हात मायेने आखडतो आणि मग चारही वेल एकमेकांचा गळा धरून अर्धपोटी राहतात. दोन खड्ड्यांत निदान चार-पाच फुटांचे अंतर असावे.

आधारास आपल्याकडे निराळा खर्च नको. तुरीचे पीक निघाल्यावर राहिलेल्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, दोन-चार बांबू व सुतळी यांत उत्तम मांडव होतो. कोठे कोठे वेल शेवग्यावर चढवितात. शेवग्याची सावली विरळ असल्यामुळे दोघांचेही चालते, फक्त वरच्या शेंगा पोरांच्या व पोपटांच्या वाट्यास जातात. वेलास प्रथम हाताने काठीला लावून द्यावे, पुढे तो आपला आपण चढतो. कसा चढतो हे विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. वेलाचे कोवळे टोक हवेत गोल फिरत आधार शोधत असते. चार्ल्स डार्विनने चढणाऱ्या वेलींवर १८६५ साली एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात घेवड्याच्या टोकास एक फेरा पुरा करावयास सुमारे दोन तास लागतात असे त्याने घड्याळ लावून नोंदले आहे. सुटीच्या दिवशी सकाळी टोकाच्या दिशेस जमिनीवर खडा ठेवावा, अर्ध्या अर्ध्या तासाने नवा खडा ठेवीत जावे, आणि वेल उजवीकडून फिरतो की डावीकडून, ढगाळ थंड दिवशी त्याची गती मंदावते की काय, हे वहीत टिपावे. यास ना यंत्र लागते ना पैसा.

खताविषयी एक सूचना. वालाची मुळे हलक्या हाताने उकरून पाहिली तर त्यांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतात. हा रोग नव्हे. या गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र धरून वेलास देतात, आणि वेल त्यांस साखर देतो; १८८६ साली हेरमान हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने हा व्यवहार उघडकीस आणला. गाठ नखाने फोडावी. आत तांबूस रंग दिसला तर काम चालू आहे असे समजावे, पांढरी वा हिरवट दिसली तर नाही. ज्या वेलाच्या घरी असा कारखाना चालतो त्यास युरिया घालणे म्हणजे जेवलेल्यास पुन्हा पाटावर बसविणे होय: पाने हाताएवढी होतात आणि फुलाचे नाव नाही.

फुलाचे नाव नाही, ही तक्रार भाद्रपदात ऐकू येतेच, मग वेलास युरिया घातलेला असो वा नसो. मांडव गच्च हिरवा झालेला असतो, आणि घरातील मंडळी वेल वांझ आहे असे ठरवून कोयता शोधू लागतात. कृपा करून तो शोधू नये. गावरान वाल दिवसाच्या लांबीवर चालतो. आपल्या भागात ज्येष्ठ-आषाढाच्या सुमारास, म्हणजे जून महिन्यात, दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो व डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. रात्री पुरेशा मोठ्या झाल्यावाचून हा वेल फुलावयाचे मनात आणीत नाही. दिवाळीच्या मागेपुढे तुरे दिसू लागतात आणि मग थंडीभर, कधी शिमग्यापर्यंत, शेंगा मिळत राहतात. झाडे दिवसरात्रीची लांबी मोजतात हा शोध गार्नर व अॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केला. त्यांनी ज्या झाडांवर प्रयोग केले त्यांत तंबाखूच्या जोडीला सोयाबीन होते, आणि आज तेच सोयाबीन लातूर जिल्ह्याचे मुख्य खरीप पीक आहे. जातां जातां एक गोष्ट सांगून ठेवतो: रात्रभर जळणाऱ्या विजेच्या दिव्याखाली मांडव असेल तर वेलास रात्र पडल्याचे नीटसे कळत नाही व बहर लांबण्याचा संभव असतो. शक्य तर जागा अंधाराची निवडावी. बाजारच्या बुटक्या जातींतून हा दिवस मोजण्याचा गुण शास्त्रज्ञांनी मुद्दाम काढून टाकला आहे, म्हणून त्या कोणत्याही महिन्यात फुलतात.

या कालगणनेमुळेच वालाच्या शेंगा आमच्याकडील वेळ अमावस्येस बरोबर हजर असतात. लातूर, धाराशिव व नांदेडच्या काही भागांत येळवस या नावाने ओळखला जाणारा हा सण मार्गशीर्षाच्या अमावस्येस, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येतो. त्या दिवशी घरेच्या घरे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते, आणि आंबील, उंडे, बाजरीची भाकरी व भज्जी असे जेवण होते. ही भज्जी म्हणजे बेसनाचे भजे नव्हे. तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे, वालाच्या वा घेवड्याच्या शेंगा, हिरव्या पालेभाज्या, जे जे त्या दिवसांत रानात व परसात असेल ते सर्व एकत्र शिजवून केलेली ती एक दाट भाजी. ती ज्याने शेतात बसून खाल्ली आहे त्यास वालाचा प्रचार आम्ही वेगळा करण्याचे कारण नाही. कोवळ्या शेंगा निर्धास्तपणे खाव्यात. वाळलेला दाणा मात्र कच्चा कधीही तोंडात टाकू नये, त्यात विषारी अंश असतो. तो रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, चांगला शिजवूनच खावा. तसा खाल्ला तर तो मोठा सकस आहे: वाळलेल्या दाण्याच्या वजनात सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात.

किडींविषयी थोडक्यात सांगतो. कोवळ्या तुऱ्यांवर काळा मावा बसतो व त्याच्या मागे मुंग्यांची रांग लागते. सुरुवातीस ते शेंडे खुडून पाण्यात बुडवावेत, एवढ्याने भागते. ठिपक्यांचे लाल ढालकिडे दिसले तर त्यांस मुळीच हात लावू नये, ते मावा खाऊनच जगतात. वाढल्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित् साबण मिसळून सायंकाळी शिंपडावी. शेंग पोखरणाऱ्या अळीची भोके पडलेल्या शेंगा रोजच्या रोज तोडून टाकाव्यात. घरच्या चार वेलांस याहून जालीम औषधाची आम्हांस गरज दिसत नाही.

बियाणे धरण्याच्या कामात मात्र चार ओळींवर भागवून चालणार नाही, कारण वाण राहते किंवा जाते ते येथेच. पुष्कळ घरी चांगल्या शेंगा खाऊन होतात, आणि शेवटी फाल्गुनात वेलावर ज्या वाकड्या, किडक्या, राहून गेलेल्या शेंगा असतात त्या बियाण्यास जातात. दहा वर्षे असे चालले तर वाण बिघडते आणि दोष मातीला दिला जातो. खरी रीत अशी की बहर ऐन भरात असताना, जे वेल निरोगी आहेत व ज्यांस शेंगा लवकर व दाट लागल्या आहेत, त्यांवरील मधल्या तुऱ्यांतील उत्तम शेंगा हेरून त्यांस रंगीत दोरा बांधावा आणि दोऱ्याच्या शेंगेस कोणी हात लावावयाचा नाही असे घरात सांगून टाकावे. बियाणे एकाच वेलाचे न घेता निदान पाच-सहा वेलांचे घ्यावे. घरी तितके वेल नसतील तर त्याच वाणाचे शेजाऱ्याचे बी त्यात मिळवावे. शेंगा वेलावरच वाळून आत दाणे खुळखुळू लागले म्हणजे तोडाव्यात. सोललेले दाणे सकाळच्या उन्हात कापडावर चार-पाच दिवस पसरावेत, दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर कदापि नव्हे. दाणा दाताखाली धरून पाहावा: दाताची खूण उमटली तर ओल आहे, टणक लागून मुळीच उमटली नाही तर तो ठेवण्याजोगा झाला.

यानंतरचा शत्रू भुंगा. गाडगे कितीही स्वच्छ असले तरी बियांना भोके पडतात याचे नवल वाटते, परंतु त्याचे कारण असे की हा किडा पुष्कळदा मांडवावरच वाळत्या शेंगेवर अंडी घालतो आणि आपण त्यास स्वहस्ते घरात आणतो. बियांत गोवरीची चाळलेली राख अशी मिसळावी की दाण्यांमधील पोकळी भरून जाईल. राखेने किड्याच्या अंगावरील मेणचट थर खरवडला जाऊन तो सुकतो, आणि त्यास हिंडावयास वाटही राहत नाही. वर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा व गाडग्याचे तोंड फडके बांधून शेणामातीने लिंपावे. आपल्या आज्या हेच करीत आल्या, आणि त्यात बदल करण्यासारखे आम्हांस फारसे काही सापडले नाही. ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी पूर्ण वाळलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीत घालून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर अंड्यांसकट कीड मरते. हॅरिंग्टन नावाच्या बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: बियांतील ओलावा शेकडा एक भागाने कमी करावा किंवा ठेवण्याच्या जागेची उष्णता पाच अंशांनी कमी करावी, की बियांचे आयुष्य दुप्पट होते. यावरून पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर ठेवलेले गाडगे व जमिनीलगत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेले गाडगे यांत किती अंतर पडते, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. आमच्याकडील उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो हे त्यात धरावे.

साध्या घरगुती साठवणीत वालाचे बी दोन-तीन वर्षे चांगले उगवते, पुढे उगवण झपाट्याने घसरते. हा आकडा आणि आपल्याकडील पावसाचा इतिहास शेजारी शेजारी मांडला म्हणजे संकटाचे स्वरूप कळते. २०१४ व २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्यात अवर्षणाची गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. जेथे पिण्याचे पाणी सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून येते तेथे परसातील वेलास कोण पाणी घालणार, आणि त्यास दोष तरी कोण देणार? परंतु दोन हंगाम पेरणी चुकली की गाडग्यातील बी म्हातारे होते, तिसऱ्या हंगामी ते उगवत नाही, आणि शंभर वर्षे चालत आलेले वाण कोणाच्या लक्षातही न येता संपते. पीक बुडाले तर बोभाटा होतो. वाण संपल्याचा पंचनामा होत नाही.

जुन्या घरांची रचना या बाबतीत शहाणपणाची होती असे म्हणावयास हरकत नाही. वालाचा खड्डा न्हाणीच्या मोरीच्या तोंडाशी असे. अंघोळीचे व भांडी धुतलेले पाणी आपोआप वेलास मिळे, आणि भांडी राखेने घासली जात असल्याने त्या पाण्याने नुकसान होत नसे. आजही दोन वेल जगवावयास दिवसाकाठी एक बादली सांडपाणी पुरते. साबण-सोड्याचे पहिले पाणी तेवढे वगळावे, दुसरे खळबळलेले घालावे, आणि आळ्यात वाळक्या पाल्याचे आच्छादन करावे म्हणजे ते लवकर उडून जात नाही. दुष्काळात मांडवभर शेंगांची आशा धरू नये. बियाण्यापुरत्या चाळीस-पन्नास शेंगा आल्या तरी त्या वर्षाचे काम झाले. एका शेंगेत तीन ते सहा दाणे धरले तर दीड-दोनशे बी हाती येते.

एका घराने राखलेले बियाणे किती दूरवर पोहोचते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे डोंगरातील लहान गाव. तेथील राहीबाई सोमा पोपेरे यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. त्यांनी भात, नाचणी, भाज्या व विशेषतः वाल-घेवड्याची अनेक गावरान वाणे आपल्या मातीच्या घरात जमविली, पेरली, वाढविली आणि बायाबापड्यांस वाटली. पुढे बाएफ या संस्थेच्या साहाय्याने त्याची रीतसर बीजबँक उभी राहिली. २०१८ सालच्या नारीशक्ती पुरस्काराने व २०२० साली जाहीर झालेल्या पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. बियाणे विकत घेतल्यावाचून शेती होत नाही असे ज्यांस वाटते त्यांनी त्यांच्या कामाची माहिती अवश्य मिळवावी. पालकांपैकी कोणास शंका येईल की असे बियाणे राखणे व देणेघेणे कायद्यास धरून आहे काय. आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम २००१ याच्या ३९व्या कलमाने शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे छाप मारलेल्या पाकिटात घालून तेवढे विकता येत नाही.

शाळेतील मुलामुलींस करण्याजोगे काम यात पुष्कळ आहे. सुटीत आजोळी गेल्यावर विचारावे की घरात वालाचे, वेली चवळीचे किंवा अबईचे जुने बी आहे काय. असल्यास दहा-वीस दाणे मागून घ्यावेत आणि त्यासोबत तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून त्या बियांत ठेवाव्यात: घरात त्यास काय म्हणतात, ते कोठून आले, आणि कोणत्या वर्षी धरले. शेंगेचा रंग, दाण्यावरील ठिपके, भाजीची चव यांविषयी आजी जे सांगेल तेही तिच्याच शब्दांत टिपावे, कारण बी उरले व त्याची माहिती गेली तर ते अर्धेच उरले. मग वर्गावर्गांत अदलाबदल करावी. धान्याच्या जुन्या व्यवहारात वाढीदिढीने परत करावयाची रीत होती; येथे दहा दाणे घेतले तर पुढच्या वर्षी पंधरा द्यावेत असे ठरविले तर एका शाळेत दोन-तीन वर्षांत लहानशी बीजपेढी सहज होईल.

पेरण्यापूर्वी, वैशाखाच्या अखेरीस, उगवण तपासून घ्यावी. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावेत व फडके वाळू देऊ नये. आठवड्यात आठांस मोड आले तर बी उत्तम, पाच-सहांस आले तर खड्ड्यात चाराऐवजी सात-आठ दाणे टाकावेत, आणि त्याहून कमी आले तर त्या वर्षी शेंगा खाण्याचा विचार सोडून आलेला प्रत्येक वेल बियाण्यास ठेवावा. आणि बी कितीही चांगले असले तरी ते सर्वच्या सर्व मृगात पेरू नये. अर्धे गाडग्यात राहू द्यावे. आमच्याकडे मृग पुष्कळदा फसवितो. एक पाऊस पडतो, रोपे वर येतात, आणि मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडे. अशा वेळी राखून ठेवलेले बी पुनर्वसूत, पुष्यात, फार तर मघा लागण्यापूर्वी पुन्हा टोचावे. वेल जूनच्या वेलाइतका मोठा होणार नाही, मांडव अर्धाच भरेल. परंतु हा वेल आपले वय मोजीत नाही, रात्रीची लांबी मोजतो, आणि म्हणून दोन महिने उशिरा पेरला तरी तोही दिवाळीच्याच सुमारास फुलावर येतो.